पहाऱ्याची खोली

“कृपया” हा शब्द ते कधी उच्चारीत नसत. तो उद्धटपणा नव्हता. निदान त्यांच्या लेखी नव्हता. तीस वर्षे तारखात्यात घालवलेल्या मनुष्याला शब्द मोजण्याची सवय जडते, आणि मोजून पाहिल्यावर हा एक शब्द त्यांना सर्वथा निरुपयोगी वाटला होता. “आवं शास्त्रीबुवा,” ते मला म्हणत, “ज्याला काम करायचंय त्यो ‘कृपया’ नसलं तरी करतो. ज्याला करायचंच न्हाई, त्याच्याम्होरं धा वेळा म्हणा, त्यो नुसता कान खाजवतो.”

आम्ही त्यांना तारमास्तर म्हणत असू. ते कोरेगावकडचे. ताठ मान, पांढरा स्वच्छ सदरा, खिशात नेहमी एकच पेन्सिल. पेन त्यांना चालत नसे. पेन ऐन वेळी दगा देते आणि पेन्सिल कधीच देत नाही, असे त्यांचे मत होते आणि ते मत ते कोणालाही पटवून देण्याच्या भरीस पडत नसत. कोणी पेन पुढे केले तर ते नुसते पाहत. पेन परत खिशात जाई.

नव्वदच्या दशकाचा उत्तरार्ध होता. साताऱ्यात बशीरभाईंचे रेडिओ व टीव्ही दुरुस्तीचे दुकान होते. त्याच्या मागच्या खोलीत आमचे संगणक मंडळ भरे. मंडळ साताऱ्याचे आणि सांगलीचे मिळून एकच, कारण दोन्ही गावांत स्वतंत्र मंडळ होईल इतकी माणसे नव्हती. सभासद सतरा. एका महिन्याची बैठक साताऱ्यास, पुढच्या महिन्याची सांगलीस. मी हायस्कुलात संस्कृत शिकवून निवृत्त झालो होतो. माझ्या गुरुजींनी हाताने उतरवलेल्या स्तोत्रांची वर्णानुक्रमसूची करावी, एवढ्याच एका हेतूने मी त्या यंत्रापुढे प्रथम बसलो. सकाळची संध्या आटोपून, हात धुऊन बसत असे. बशीरभाईंनी माझ्याकरिता कळफलकावर एक धुतलेला रुमाल झाकून ठेवण्याचा प्रघात पाडला होता. केस पिकलेले असल्यामुळे मंडळाने मला अध्यक्ष केले. अन्य पात्रता माझ्या अंगी नव्हती.

तारमास्तरांची आणि माझी पहिली भेट त्याच खोलीत झाली. आमच्या पिढीच्या रीतीप्रमाणे मी विचारले, “आपण कोणापैकी?”

“मोजक्यांपैकी,” ते म्हणाले आणि माझ्यासमोरची खुर्ची ओढून बसले. “तुमचं काय अडलंय?”

मला राग आला होता, हे आज लपवण्यात अर्थ नाही. पण माझे अडलेलेच होते. सूचीतील “ज्ञ” दर वेळी भलत्याच जागी जाऊन बसत असे. त्यांनी तासभर माझ्यासोबत तो “ज्ञ” शोधला आणि जागेवर बसवला. उठताना आभार ऐकून घेण्यास ते थांबले नाहीत.

“काय अडलंय?” हाच त्यांचा नमस्कार होता. मंडळात नवा मनुष्य आला की बाकीचे नाव, गाव, नोकरी विचारीत; हे खुर्ची पुढे सारून एवढेच विचारीत. माणसे ओळखण्याची त्यांची रीत निराळी होती. तारयंत्रावर प्रत्येकाचा हात निराळा पडतो, असे ते सांगत: कोणी आखूड ठोका देतो, कोणी लांब ठोक्यावर रेंगाळतो, कोणी दोन अक्षरांमध्ये श्वास घेतो. कळफलकावर बसलेल्याकडे पाठ करून ते उभे राहत आणि नुसत्या खटखटीवरून सांगत, “ह्यो वैतागलाय, ह्याला चहा द्या.” मोडेम फोनची तार धरून शीळ घालू लागला, की डोळे मिटून ऐकत आणि निदान करीत, “आज लायनीला सर्दी झालीया. लागायची न्हाई.” आणि खरोखरच ती लागत नसे. बशीरभाई म्हणत, “गड्या, ह्या माणसाला दुकानात ठेवला तर मीटर इकून टाकीन मी.”

त्यांच्या स्वभावाचे मूळ मला दहिवडीच्या हकिकतीत सापडले. ती त्यांनी मला एकदाच, एस.टी.च्या प्रवासात, सांगलीच्या बैठकीला जाताना कराड ओलांडल्यावर सांगितली. तरुणपणी त्यांची बदली माण तालुक्यात दहिवडीस झाली होती. भाड्याने खोली पाहू लागले. तीन घरी खोली रिकामी होती. तिन्ही घरी मालकाने बसावयास सांगितले, पाणी विचारले, मग आडनाव विचारले. आणि तिन्ही घरी खोली त्या क्षणी भरली. त्यांचे कुटुंब छपन्न सालानंतर बौद्ध झालेले. नाव ऐकून मालकांना उलगडा होत असे.

“मग कुठं राहिलात?” मी विचारले.

“हापिसात. टेबलावर. आठ म्हैनं.” ते खिडकीबाहेर पाहत होते. “उशाला तारयंत्र. पर एक सांगतो, शास्त्रीबुवा. त्या तारेच्या पल्याड धारवाडकडं कोनतरी होता. कामाच्या मदल्या येळात आमी बोलायचो. आज काय जेवलास, तुझ्याकडं पाऊस किती, पोराचा ताप उतरला का. चार सालं बोललो. त्यानं माजं नाव इचारलं न्हाई, मी त्याचं न्हाई. हातावरनं ओळखायचो. एक दिस त्यो हात बदलला. दुसराच कोनतरी ठोकत हुता. झालं.”

पहिल्याच दिवशी मी त्यांना विचारलेला प्रश्न दहिवडीच्या त्या तीन घरमालकांच्या प्रश्नाहून वेगळा नव्हता. उरलेला प्रवास मी जपमाळ हातात धरून बसलो, आणि जप मात्र झाला नाही.

मंडळापुढे जेव्हा गप्पांचे जाळे निवडण्याचा प्रश्न आला, तेव्हा हे सर्व मला ठाऊक होते. सभासद महिन्यातून एकदा भेटत. एखाद्याचे यंत्र दुसऱ्या दिवशी अडले तर तो तीस दिवस अडूनच राही. सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील एका प्राध्यापकांनी उपाय सुचविला. फोनवरून इंटरनेटला जोडून घेतले की जगात अशी काही जाळी होती, ज्यांत “खोल्या” असत. खोलीत शिरून जे लिहावे, ते खोलीतल्या सर्वांच्या पडद्यावर तत्क्षणी उमटे. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे, मराठीही इंग्रजी लिपीत लिहायची; पण सातारा आणि सांगली यांमधले अंतर त्यात उरत नसे.

जाळी दोन प्रकारची निघाली. एका जाळ्यात कसलीही नोंदणी नव्हती. कोणतेही टोपणनाव घ्यावे आणि शिरावे. जो प्रथम शिरेल त्याला खोलीचा अधिकार. तो दुसऱ्याला अधिकार देऊ शके, उपद्रवी माणसाला बाहेर काढू शके. मात्र खोलीतला शेवटचा मनुष्य उठला की खोली विरून जाई, आणि मग कोणीही परका ती आपली म्हणून उघडू शके. दुसरे जाळे एका मोठ्या शहरातील मंडळाने चालविलेले होते. तेथे खोली नोंदवून घेता येई. कोणी नसले तरी ती आपलीच राही. त्यासाठी प्रत्येक सभासदाने संपूर्ण नाव, वडिलांचे नाव, आडनाव, व्यवसाय लिहून द्यायचे आणि दोन परिचितांनी त्याची हमी घ्यायची.

प्राध्यापकांचा कल अर्थातच दुसऱ्याकडे होता. तारमास्तर म्हणाले, “पयलं.”

“पण मास्तर, तिथं खोली टिकत नाही.”

“बसलं की टिकती.”

“चोवीस तास कोण बसणार?”

यावर उत्तर बशीरभाईंनी दिले. आसपासच्या गावांतील हरिनाम सप्ताहांना लाउडस्पीकर त्यांच्याकडूनच जाई, त्यामुळे सप्ताहाची शिस्त त्यांना पाठ होती. “आवं, सप्त्यात वीणा सात दिस भुईला टेकत न्हाई. दोन दोन तासांचा पहारा असतो. एकानं दुसऱ्याच्या गळ्यात घालायची आन् मगच उठायचं. तसंच करू की.”

मला ती कल्पना इतकी मनापासून आवडली, की मी अध्यक्ष असूनही टाळी वाजविली. प्रयोगादाखल महिनाभर पहिले जाळे घ्यावे असे ठरले. पहाऱ्यांचा तक्ता तारमास्तरांनी पेन्सिलीने केला. सर्वांनी टोपणनावे घेतली. त्यांनी एकच अक्षर घेतले, “के”. तारेच्या भाषेत त्या अक्षराचा अर्थ, माझे झाले, आता तुम्ही बोला. पहारा बदलताना “वीणा घ्या” असे लिहून अधिकार द्यायचा, समोरच्याने “घेतली” लिहायचे आणि मग निघायचे, असा परिपाठ पडला; खोलीत डोकावणाऱ्या कोणालाही तो दिसे.

तो महिना मी विसरणार नाही. तारमास्तरांची पत्नी निवर्तली होती, मुलगा मुंबईस. दिवसभरात त्यांच्याशी बोलणारे असे कोणी नव्हते. आता ते स्वतःचा पहारा संपला तरी उठत नसत. सांगलीत कोणाची चकती वाचली जात नाही, साताऱ्यात कोणाचा छापयंत्राचा कागद अडकतो, कोणाच्या मुलीला आज ताप आहे, सगळ्यांत त्यांचे “के” उमटे. मिरजेकडचा एक अपरिचित मुलगा वाट चुकून खोलीत आला. त्याला नाव न विचारता त्यांनी तीन संध्याकाळी यंत्र जोडावयास शिकविले. दहिवडीच्या टेबलावर जे त्यांना लाभले होते आणि एका दिवसात हरवले होते, ते त्यांना सहासष्टाव्या वर्षी परत मिळाले होते. तसे ते स्वतः कधी म्हणाले नाहीत, पण ते दिसत होते.

आणि ती खोली मी घालविली.

दुपारी दोन ते चार माझा पहारा. बशीरभाई दुकानात रेडिओच्या तारांना डाग देत बसलेले. चार वाजण्यास थोडा अवकाश होता. माझ्यानंतर सांगलीच्या एका सभासदाची पाळी. तेवढ्यात खोलीत “माउली” नावाचे कोणी आले. लिहिले, “राम कृष्ण हरी. वीणा द्या.” मी मनोभावे “राम कृष्ण हरी” लिहिले, अधिकार दिला, पडद्याला हात जोडले. हात सोडले तोवर मी खोलीबाहेर होतो. मग एकामागून एक सगळेच बाहेर आले, आणि खोलीला आतून कडी लागली.

बशीरभाई धावत आले. “काय केलंत शास्त्रीबुवा?”

“वीणा दिली.”

“कुणाला?”

“ज्यांनी मागितली त्यांना.”

“आवं पर कोन हुता त्यो?”

“ते विचारायचे नसते, बशीरभाई,” मी म्हणालो. आणि हे अक्षरशः खरे आहे. सप्ताहात पुढे आलेल्या हातांना जात, कूळ, नाव कोणी विचारीत नाही. वीणा गळ्यात घालतात आणि पाया पडतात. मी लहानपणापासून तसेच करीत आलो होतो.

बशीरभाईंनी कपाळावर हात मारून घेतला. तारमास्तर अर्ध्या तासात पायी आले. मी क्षमा मागण्यास उठलो, तर ते हसू लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला. “बरूबर केलंत,” ते म्हणाले. “त्यानं चोरली त्यो त्याचा धर्म. तुमी दिलीत ह्यो तुमचा. बसा.” त्यांनी शेजारी दुसऱ्या नावाने नवी खोली उघडली आणि रात्रीपर्यंत एकेकाला फोन करून तिचा पत्ता कळविला.

तथापि प्राध्यापकांना निमित्त मिळाले, आणि ते अयोग्य होते असे मी म्हणणार नाही. पुढची बैठक साताऱ्यास होती. ते सतरा अर्ज छापून घेऊन आले. सज्जन मनुष्य, आवाज चढविला नाही. “अध्यक्षांचा अनादर करायचा नाही,” ते म्हणाले, “पण खुद्द त्यांच्या हातून खोली गेली. नोंदणी असती तर गेली नसती. एका अर्जाचा तर प्रश्न आहे.”

अर्ज वाटले गेले. पेने निघाली. तारमास्तरांनी अर्ज पाहिला, उलटा केला आणि त्यावर चहाची बशी ठेवली.

“मास्तर, तुमची हमी मी घेतो,” प्राध्यापक म्हणाले. “तुम्ही फक्त नाव लिहा. बाकीचं मी भरतो.”

“हमी कशाची?”

“म्हणजे... तुम्ही सभ्य गृहस्थ आहात याची.”

“आन् तुमची कोन घेनार?”

दोघेतिघे हसले. प्राध्यापक हसले नाहीत; दुखावले गेले. “मास्तर, नाव सांगायला लाज कसली?”

खोलीतली सगळी पेने थांबली.

“लाज?” तारमास्तर उभे राहिले. आवाज तसाच होता, नेहमीचा. “माज्या नावाची मला लाज न्हाई. ते आमी सोता घेतलंय. त्याच्या आदी दुसऱ्यांनी ठिवलं हुतं. पर दारात उभं करून इचारलं तर मी सांगत न्हाई. चाळीस सालं सांगितलं न्हाई, आता बी न्हाई. तुमी जावा. सगळं जावा. मी हाय त्या खोलीत बसतो. एक मानूस बसला तरी खोली ऱ्हाते.”

“हे हटवादीपण झालं, मास्तर.”

“व्हय. झालं.”

मत घेतले. आठ नोंदणीकडे, तारमास्तर धरून आठ विरुद्ध. बशीरभाईंनी हात वर करताना माझ्याकडे पाहिले. उरले माझे मत.

मला काय वाटत होते ते सांगतो. अपराध माझा होता. प्रायश्चित्त मात्र त्या मनुष्याला मिळणार होते, ज्याचा त्यात लेशमात्र दोष नव्हता. हा न्याय कोणत्या शास्त्रात बसतो? शिवाय दुसरी एक गोष्ट मला दहिवडीच्या हकिकतीपासून सलत होती. मी आठव्या वर्षापासून त्रिकाळ अभिवादन करीत आलो आहे. वडीलधाऱ्यापुढे उभे राहायचे, कान धरायचे, स्वतःचे गोत्र, स्वतःचे नाव उच्चारायचे आणि वाकायचे. मला शिकविलेल्या त्या विधीत नमस्कार करणारा आपले नाव सांगतो. समोरच्याचे मागत नाही. पन्नास वर्षे तो विधी केला आणि माझ्याहून तीन वर्षांनी वडील असलेल्या मनुष्याला पहिल्याच भेटीत विचारले काय, तर आपण कोणापैकी!

“नोंदणी नको,” मी म्हणालो. “जिथे कोणी काही विचारत नाही, ते जाळे आपले. खोली पुन्हा जाईल. पुन्हा उघडू. माझ्या हातून गेली, तर मला पहाऱ्यावरून काढा. पण अर्ज कोणीही भरायचा नाही.”

“शास्त्रीजी, तुमच्यासारख्या माणसानं तरी...” प्राध्यापक म्हणाले.

“माझ्यासारख्याने हे फार आधी करायला हवे होते.”

मी अध्यक्षाची खुर्ची सोडून टेबलाच्या पलीकडे गेलो. कान धरले. माझे गोत्र सांगितले, नाव सांगितले, आणि तारमास्तरांच्या पायांवर डोके ठेवले.

ते दोन पावले मागे सरकले. “आवं, आवं, काय करता हे! उठा!” इतक्या वर्षांत त्यांचा आवाज प्रथमच चढलेला मी ऐकला. बशीरभाईंनी मला दंडाला धरून उठविले. तारमास्तर कितीतरी वेळ माझ्याकडे रोखून पाहत राहिले. मला वाटले, आता हे निघून जाणार आणि पुन्हा येणार नाहीत.

ते गेले नाहीत. हात बाजूला सरळ सोडून, शाळेत हजेरीला उभे राहावे तसे ते उभे राहिले आणि त्यांनी आपले नाव सांगितले. स्वतःचे, वडिलांचे, आडनाव आणि गाव. सावकाश, एकेक अक्षर स्पष्ट. शब्दांत काटकसर करणाऱ्या त्या मनुष्याने त्यातला एकही शब्द गाळला नाही.

प्राध्यापकांचे डोळे चमकले. त्यांच्या मनात कपट नव्हते, हे मी पुन्हा सांगतो. त्यांनी बशीखालचा अर्ज हळूच ओढून घेतला, पेन उघडले आणि आर्जवाने म्हणाले, “मग मास्तर, एवढंच लिहू का?”

“न्हाई,” तारमास्तर म्हणाले. “हे मानसाला सांगितलंय. कागदाला न्हाई.”

पुढच्या महिन्यापासून ते आठ जण आले नाहीत. आम्ही नऊ उरलो. पहारे लांबले, तारमास्तरांनी स्वतःकडे दोन घेतले. खोली त्यानंतरही किती वेळा गेली याची मोजदाद मी ठेवली नाही. दर वेळी शेजारची उघडली.

ज्यांनी मला ही आठवण लिहावयास सांगितले, त्यांची अपेक्षा होती की मी तारमास्तरांचे नाव द्यावे, म्हणजे नोंद राहील. मला ते नाव आजही अक्षरशः पाठ आहे, रोज सकाळी अर्घ्य देताना मी ते उच्चारतो. पण हाही कागदच आहे.